शेख मेमन स्ट्रीटची जामा मशीद : चौदा वर्षं रोज जाणाऱ्याचा रिव्ह्यू

मंगलदास मार्केटात कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायला लागलो त्याला आता चौदा वर्षं झाली आणि तेव्हापासून जोहर (दुपारची) आणि असर (दुपार उतरतानाची) या दोन नमाजा शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मशिदीत, रविवार सोडला तर रोजच, त्यामुळे या जागेबद्दल दोन शब्द लिहायला हरकत नाही असं वाटलं. हॉटेलचा रिव्ह्यू लिहितो, मोबाइलच्या दुकानाचा लिहितो, मग जिथे दिवसातला अर्धा-पाऊण तास जातो आणि जिथून परत येताना डोकं हलकं होतं त्या जागेचा का लिहू नये. मराठीत लिहितोय कारण मी श्रीवर्धनकडचा, शाळा मराठी, घरी कोकणी बोली, उर्दू मला अडखळत वाचता येतं आणि बऱ्याच मराठी मित्रांना या मशिदीसमोरून रोज जाऊनसुद्धा आत नक्की काय चालतं ते माहीत नाही.

मशीद मी कशावरून जोखतो ते आधीच सांगतो. मिनार, झुंबर, कार्पेट, एसी हे सगळं नंतर. ज्याला तिथे कोणी ओळखत नाही असा माणूस घामाघूम होऊन आत आला तर त्याला पाणी मिळतं का, दहा मिनिटं टेकायला मिळतं का आणि काही अडलं तर विचारायला कोणी आहे का, एवढंच मी बघतो. या हिशेबाने मी पाचपैकी पाच देतो, का ते पुढे येईलच.

पत्ता. क्रॉफर्ड मार्केटकडून झवेरी बाजाराकडे जाणारा रस्ता म्हणजे शेख मेमन स्ट्रीट, त्यावरच आहे, मंगलदास मार्केट हाकेच्या अंतरावर, मुंबादेवीचं देऊळ पण चालत पाच-सात मिनिटांवर. वेस्टर्नवाल्यांनी मरीन लाइन्सला उतरावं, सेंट्रलवाल्यांनी सीएसएमटी नाहीतर मस्जिद. आता मस्जिद स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडलं असं खूप लोक धरून चालतात, मी पण धरून होतो, पण सांगतात ते असं की ते नाव ज्यूंच्या सिनेगॉगवरून आलंय, शार हारहामीम, 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर नावाच्या बेने इस्रायली माणसाने बांधलेलं. बेने इस्रायली म्हणजे कोकणातलेच ज्यू, आणि दिवेकर आडनावावरून मला वाटतं दिवेआगरकडचे, म्हणजे आमच्या श्रीवर्धनच्या अगदी शेजारचे. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, की आमच्या पट्ट्यातली माणसं मुंबईत आली आणि आल्या आल्या ज्याने त्याने आपापली प्रार्थनेची जागा बांधली.

आता हौज. या मशिदीचं सगळ्यात वेगळं काही असेल तर तो हौज. बऱ्याच मशिदींत वजूसाठी, म्हणजे नमाजच्या आधी हात-पाय-तोंड धुवायला, नळांची रांग असते, इथे खाली पाण्याचा मोठा तलाव आहे आणि त्याच्यावर मशीद उभी आहे. म्हणजे अक्षरशः पाण्यावर. काळ्या दगडाच्या सोळा कमानी पाण्यातून वर आल्यात आणि त्या सगळा डोलारा पेलतात, पाणी साधारण दहा फूट खोल, खालच्या झऱ्यांचं. जुन्या नोंदींत असं आहे की ही सगळी बागेची जागा होती, मधे तळं, मालक एक कोकणी मुसलमान व्यापारी. त्याने मशिदीला जागा दिली पण अट घातली की तळं बुजवायचं नाही. 1775 ला काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला 1802 उजाडलं. पुढे 1837 मध्ये मोहम्मद अली रोगे या कोकणी शेठनी वरचा मजला चढवला. तळं राहिलं ते राहिलंच. मला त्या व्यापाऱ्याची अट फार मोठी वाटते, कारण बाजारपेठेतल्या जागेचा भाव तेव्हाही काही कमी नसणार आणि तळं भरून टाकलं असतं तर आज वजूच्या जागी दुकानांचे गाळे दिसले असते.

मे महिन्यात दुपारी एक वाजता पेढीवरून निघतो तेव्हा गल्लीत हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, डोक्यावर तागे घेतलेले हमाल, टॅक्सीचे हॉर्न, आणि वरून ऊन. दारात चप्पल काढली की दगड पायाला गार लागतो. चार पायऱ्या खाली, बाह्या कोपराच्या वर, पँट दोन घड्या वर, आणि पाण्याशी उकिडवं बसायचं. ओंजळ पाण्यात घातली की मासे जवळ येतात, हाताला लागतात, पहिल्यांदा दचकायला होतं. हात तीनदा, चूळ तीनदा, नाक, तोंड, मग कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, कान, शेवटी पाय घोट्यापर्यंत. दीड-दोन मिनिटांचं काम पण उठून उभं राहतो तेव्हा सकाळपासूनच्या बिलांची, जीएसटीची, कोणाचा चेक परत आला त्याची सगळी कटकट पाण्यात राहून जाते. शेजारी बसलेला माणूस हमाल आहे की सोन्याच्या दुकानाचा मालक, ते बाह्या वर केल्यावर कळत नाही.

माझा पहिला दिवस मला नीट आठवतो. नवीन नोकरी, मुंबईत ओळख नाही, राहायला डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीवर. जोहर झाली आणि मी तसाच मागच्या भिंतीला टेकून बसलो. एक म्हातारे चाचा जवळ आले आणि म्हणाले, "शाफई दिसतोस, कोकणात कुठला?" मी चाट पडलो, ह्यांना कसं कळलं. मग लक्षात आलं की रुकूत, म्हणजे नमाजमध्ये कमरेतून वाकायला जाताना आणि उठताना मी हात वर केले होते, आम्ही कोकणी लोक शाफई म्हणून तसं करतो, हनफी लोक करत नाहीत (शाफई आणि हनफी हे सुन्नी मुसलमानांचे दोन पंथ, नमाजच्या रीतीत थोडा फरक). गावाचं नाव सांगितलं तर म्हणाले, मग रोज येत जा, जेवायला जागा नसेल तर सांग. मला वाटलं कोकणी म्हणून आपुलकी असेल. पण दुसऱ्या मिनिटाला तेच चाचा दरभंग्याच्या एका हातगाडीवाल्या पोराशी हिंदीत तेवढ्याच मायेने बोलत होते, त्याच्या पायाला खिळा लागला होता तर त्याला बसवून फडकं बांधत होते. ते चाचा आता नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

शाफईचा विषय निघालाच आहे तर कामाची गोष्ट सांगतो. असरची वेळ शाफई आणि हनफी मशिदींत वेगळी असते. वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफईंची असर लागते, हनफींची सावली दुप्पट झाल्यावर, म्हणजे साधारण तासाभराचा फरक पडतो. बाजारात खरेदीला आलेले लोक मोबाइलमधल्या ॲपची वेळ बघून येतात आणि जमात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायची नमाज, चुकते, नाहीतर फार लवकर येऊन बसतात. ॲपमध्ये सेटिंग असतं ते बघून घ्या नाहीतर सरळ मशिदीतल्या घड्याळांचा बोर्ड बघा.

जुम्म्याला वेळेच्या आधी निघा. शुक्रवारी हा सगळा बाजार एकाच वेळी इथे उतरतो, पेढीवरचे, दुकानांतले, गाडीवाले, क्रॉफर्ड मार्केटचे मटणवाले, कोर्टकचेरीत आलेले लोक. बयान म्हणजे भाषण उर्दूत, मग खुतबा म्हणजे जुम्म्याचं प्रवचन अरबीत, मग दोन रकात नमाज. खांद्याला खांदा लावून सफ म्हणजे रांग लावायची, मधे जागा ठेवायची नाही. माझं आमच्या पेढीच्या शेठशी मागच्या वर्षी पगारावरून बिनसलं होतं, आठवडाभर बोलणं बंद. ते बोहरी, त्यांची नमाज वेगळीकडे, पण त्यांचा हनफी मॅनेजर जो या सगळ्यात मधे होता तो त्या शुक्रवारी नेमका माझ्या शेजारी उभा. नमाज झाली, सलाम फिरवला, उजवीकडे बघितलं तर हा. त्याने हात पुढे केला. सोमवारी विषय मिटला होता. मशिदीत आम्ही काही बोललो नाही, फक्त तो हात.

रमझानमध्ये इथे यावं ते हिशेबासाठी. माझा धंदाच हिशेबाचा म्हणून असेल, पण जकातीचा, म्हणजे दरवर्षी गरिबांसाठी द्यायच्या ठरलेल्या दानाचा हिशेब मला नेहमी आवडतो. वर्षभर बाजूला राहिलेल्या पैशा-सोन्यावर अडीच टक्के, हे लोकांना माहीत असतं, पण कोणावर लागू आणि कोणावर नाही ते निसाबावर, म्हणजे कमीत कमी किती मालमत्ता हवी त्या मर्यादेवर ठरतं, आणि चांदीचा निसाब आपल्याकडे 612 ग्रॅमच्या आसपास धरतात. आता मशिदीतून बाहेर पडलं की समोर झवेरी बाजार. मागच्या रमझानला मी असर करून निघालो आणि कोपऱ्यावरच्या जैन शेठना विचारलं की आजचा चांदीचा भाव काय. त्यांनी विचारलं, जकातचं काढताय का, मी हो म्हटलं, तर त्यांनी स्वतःच्या पॅडचा कागद फाडून त्यावर किलोचा भाव लिहिला, खाली गुणाकार करून 612 ग्रॅमचे किती ते काढलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. म्हणाले रमझानमध्ये रोज चार-पाच जण विचारायला येतात म्हणून मलाच पाठ झालंय. ती चिठ्ठी अजून माझ्या डायरीत आहे.

फितरा म्हणजे रमझान संपताना गरिबांना द्यायचं दान वेगळं, ते ईदच्या नमाजच्या आधी द्यायचा, घरातल्या प्रत्येक माणसामागे, पाळण्यातल्या बाळाचासुद्धा. आम्ही शाफई लोक तो रोजच्या खाण्याच्या धान्यात देतो आणि कोकणात रोजचं धान्य म्हणजे तांदूळ, म्हणून माणशी अडीच किलोच्या आसपास तांदूळ. आमची दादी गावाला सुपात मापून द्यायची आणि माप शिगोशीग भरायची. ज्याला शंका असेल त्याने इथल्या दारुल इफ्तात, म्हणजे धर्माच्या प्रश्नांवर मुफ्ती सल्ला देतात त्या ऑफिसात विचारावं. वारसा, तलाक, कर्ज, व्याज, दुकानाची भागीदारी, लोक काय काय घेऊन येतात आणि बसून ऐकून घेतलं जातं. माझ्या बहिणीच्या वाटणीचा प्रश्न होता, वडिलांच्या घरात तिचा किती हिस्सा, आम्ही दोन भाऊ एक बहीण, मुलाचा हिस्सा मुलीच्या दुप्पट, म्हणजे पाच भाग करून तिचा एक, आईचा आठवा हिस्सा आधी बाजूला काढून. कागदावर मांडलेलं मिळालं की भांडायला जागाच राहत नाही. आणि हे देणं कुराणाने ठरवलेलं आहे, भावाची मेहेरबानी नाही, हे तिला आणि मला दोघांनाही त्या कागदामुळे नीट समजलं.

चांद दिसला की नाही ही खबर पण मुंबईला बऱ्याचदा इथल्या हिलाल कमिटीकडूनच, म्हणजे चांद दिसल्याचं जाहीर करणाऱ्या मंडळाकडूनच कळते. ईदच्या आदल्या रात्री अख्खा मोहल्ला फोन हातात धरून बसलेला असतो.

मरणाचं काम. हे लिहायला हवं कारण मशीद म्हटलं की लोकांना नमाज दिसते, पण घरात माणूस गेला की पहिला फोन कुठे करायचा हा प्रश्न रात्री दोन वाजता पडतो. मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान या जामा मशिदीच्या ट्रस्टकडेच आहे. माझे सासरे गेले तेव्हा गुस्ल म्हणजे मय्यतीची आंघोळ, कफन, डोला म्हणजे तिरडी, कबर, सगळं कसं होतं मला काही माहीत नव्हतं आणि अनोळखी माणसांनी येऊन ते केलं, कोणी नाव सांगितलं नाही. कोविडमध्ये तर घरचे लोक जवळ जायला घाबरत होते तेव्हा याच कब्रस्तानाशी जोडलेली पोरं पीपीई किट घालून मय्यत उचलत होती, आणि हिंदू मयत असेल तर स्मशानात नेऊन त्यांच्या पद्धतीने अग्नी द्यायची. पेपरात तेव्हा खूप छापून आलं होतं. त्याच दिवसांत, मे 2020 मध्ये, पुण्याच्या आझम कॅम्पसवाल्यांनी मशिदीचा पहिला मजला क्वारंटाइनसाठी दिला होता, 80 खाटांचा. आणि इचलकरंजीच्या मुसलमानांनी ईदच्या खर्चातले आणि जकातीचे पैसे गोळा करून 36 लाख जमवले आणि तिथल्या सरकारी हॉस्पिटलात दहा खाटांचा आयसीयू उभा केला. जकातीची जी अडीच टक्क्यांची चिठ्ठी मी वर सांगितली ना, ती अशी कुठेतरी जाऊन ऑक्सिजनची लाइन होते. मला हे आठवलं की अजून घशाशी येतं.

आता तक्रार. ती या मशिदीबद्दल नाही, दुसरीकडचा अनुभव आहे, जागेचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी बायको आणि लहान मुलगी घेऊन उपनगरात एका लग्नाला चाललो होतो, ट्रॅफिकमध्ये असर निघून चालली म्हणून वाटेत दिसलेल्या मशिदीशी उतरलो. जमात होऊन गेली होती आणि दाराला कुलूप. शेजारच्या माणसाने चावीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला तुम्ही आत या, बाई नको. मी म्हटलं फक्त वजूला पाणी आणि एक कोपरा द्या, पाच मिनिटं. नाही म्हणजे नाही. शेवटी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या ताईंनी, कपाळाला टिकली, त्यांनी आत बोलावून स्टॉकच्या खोलीत जागा झाडून दिली, बायकोने तिथे नमाज पढली. मुलीला त्यांनी खोडरबर दिला, पैसे घेतले नाहीत. परत येताना बायको एवढंच म्हणाली की अल्लाहच्या घराला कुलूप आणि दुकान उघडं.

हे मी मुद्दाम लिहितोय. 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने स्वतः सुप्रीम कोर्टात लिहून दिलंय की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई नाही, आणि ती केस मुळात पुण्याच्या एका नवरा-बायकोने घातली होती. मनाई नाही म्हणता तर मग जागा द्या, पाणी द्या, पडदा लावा, आडोसा करा, दार उघडं ठेवा. बाजारात खरेदीला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायकाच असतात, लग्नाचा बस्ता बांधायला सकाळपासून रात्रीपर्यंत फिरतात, त्यांनी नमाज कुठे पढायची. बायकांनी कुठल्याही मशिदीत जायच्या आधी ऑफिसात विचारून घ्यावं, जागा आणि वेळ दोन्ही कळेल. आणि दुसरं मागणं सगळ्याच मशिदींकडे, की बोर्ड उर्दूसोबत मराठीत पण लावा. माझ्यासारखे मराठी शाळेत शिकलेले कोकणी, सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडची मराठी बोलणारी आपली माणसं आणि बाहेरचा कोणी बघायला आला तर तोसुद्धा, सगळ्यांना वाचता येईल. चंदा कशावर खर्च झाला तो कागद पण मराठीत लागला तर फारच उत्तम.

बांग. भोंग्यांचा विषय निघाला तेव्हापासून आवाज कमी झालेत, 2025 मध्ये तर माहीमच्या जुमा मशिदीने ऑनलाइन अझान नावाचं ॲप घेतलं, तमिळनाडूतल्या कंपनीने बनवलेलं, मशिदीत बांग सुरू झाली की फोनमध्ये लाइव्ह ऐकू येते. मी पण ठेवलंय. कामाचं आहे. पण माझी दादी बांग ऐकून तांदूळ वैरायची, मगरिबची झाली की पोरांना अंगणातून हाक मारायची, शेजारच्या काकू पण बांग झाली म्हणजे दिवा लावायची वेळ झाली असं म्हणायच्या. ते फोनमध्ये कसं येणार.

मुसलमान नसलेल्यांना आत जाता येतं का, असं मला पेढीवरचे दोघं-तिघं विचारून गेलेत. मी सांगतो की नमाजची वेळ सोडून या, दारावर विचारा, चप्पल पिशवीत घालून हातात ठेवा, हातपाय झाकलेले कपडे घाला, नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपल्याकडे पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी मशीद परिचय नावाचे कार्यक्रम होतात, लोकांना बोलावून मिंबर (खुतब्याच्या पायऱ्या) काय, मेहराब (इमाम उभा राहतो तो कोनाडा) काय, वजू कसा, सगळं दाखवतात, तसं या बाजारात वर्षातून दोनदा तरी व्हावं असं मला फार वाटतं. माझ्यासोबत हिशेबाला बसणारे कुलकर्णीकाका तेरा वर्षं मला "जाऊन या, तोवर मी बघतो" म्हणायचे. रिटायर व्हायच्या आधी एकदा म्हणाले, मलाही तो तलाव दाखव. घेऊन गेलो. पायरीवर बसून त्यांनी बराच वेळ पाणी बघितलं, मग म्हणाले आमच्या गावच्या देवळाच्या कुंडासारखाच गारवा आहे रे, आणि हात घालू का विचारलं. घातला. मासे आले.

वेळ असेल तर मगरिबला या आणि नमाज सुटताना दाराशी बघा. पोरं कडेवर घेऊन आया उभ्या असतात, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, झाकण उघडं धरलेलं. बुरख्यातल्या असतात, साडीतल्या असतात, कपाळाला कुंकू असलेल्या पण असतात. ताप उतरत नाही, पोर रात्रीचं दचकून उठतं, दूध पीत नाही. नमाज पढून निघालेली माणसं एकेक करत थांबतात, तोंडातल्या तोंडात सूरे फातिहा नाहीतर कुल, म्हणजे कुराणातले छोटे सूरे म्हणतात आणि पोराच्या डोक्यावर फुंकर घालतात, बाटलीत फुंकर घालतात, पुढे जातात. कोणी नाव विचारत नाही, पैसे तर नाहीच नाही. परवा एक पोर, वर्षाचं असेल, ज्याने ज्याने फुंकर घातली त्याच्याकडे बघून हसत होतं आणि आई दर वेळी त्याचं टोपडं सरळ करत होती. मी पण थांबलो, माझी पाळी आली तेव्हा पढलो, फुंकर घातली, आणि चप्पल शोधायला वळलो.